पाकिटातला जीव
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीच्या पत्रिकेत आमच्या तालुका गटाच्या नावापुढे विषय छापला आहे : 'घरी बिअर करण्यासाठी कोरडे यीस्ट कसे निवडावे आणि कसे वापरावे'. तो वाचून मागच्या रांगेतले काही भाऊ पुढे सरकून बसले आणि मायबहिणींच्या कपाळाला आठ्या पडल्या. आधी दोघांची समजूत घालतो.

पुढे सरकलेल्यांनी ऐकावे. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय घरी बिअर करणे हा इथे गुन्हा आहे. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर पूर्ण दारूबंदी आहे. तेव्हा घरी जाऊन पिंप मांडायचे नाही. मायबहिणींनी ऐकावे. दारूने धुळीला मिळालेली घरे तुमच्याइतकीच आम्हीही पाहिली आहेत. कोणी प्यावे असे सांगायला आम्ही उभे राहिलेलो नाही.

मग हा विषय कशाला? दोन कारणे आहेत. पहिले, ज्या धान्याला आपण गरिबाची भाकरी म्हणतो, त्या ज्वारीची बिअर आफ्रिकेत लाखो लोक पितात आणि तिच्यावर तिथल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा माल खपतो. दुसरे कारण जास्त जवळचे आहे. यीस्टचे पाकीट म्हणजे पाकिटात वाळवून ठेवलेला जीव. असली जिवंत पाकिटे दर मृगाच्या तोंडाशी आपणही विकत घेतो, आणि फसतो. इंग्लंड-अमेरिकेतला साधा नोकरदार माणूस आपले दहा-बारा ग्रॅमचे पाकीट ज्या चिकित्सेने घेतो, तेवढी चिकित्सा आपण वर्षाच्या पिकाची करतो का? हा आमचा प्रश्न आहे.

विरजण आणि यीस्ट

यीस्ट म्हणजे काय, हे समजायला मायबहिणींना वेळ लागणार नाही. दुधाला विरजण, तसे बिअरला यीस्ट. जवाला मोड आणून, वाळवून, भरडून कोमट पाण्यात ठेवले की पिठाची साखर होते. तो गोड काढा गाळायचा, हॉप्स नावाच्या वेलाची कडू फुले घालून उकळायचा आणि निववायचा. इथपर्यंत ते सरबतच असते. त्यात यीस्ट पडले की ते साखर खाते, दारू आणि कर्ब वायू सोडते, आणि सरबताची बिअर होते.

यीस्ट ही डोळ्यांना न दिसणारी बुरशीच्या कुळातली एकपेशीय वनस्पती, असे आपल्या जुन्या पुस्तकांत लिहिलेले असे. आज तिला बुरशी म्हणतात. तिचे काम फ्रान्सच्या लुई पाश्चरने उलगडून दाखवले. बिअरवरचा त्याचा ग्रंथ 1876 चा. पुढे 1883 साली डेन्मार्कमधल्या कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवले. आपण निवड पद्धतीने बियाणे शुद्ध करतो, तसेच हे.

पण यीस्ट वाळवून ठेवायची कला प्रयोगशाळेची नाही, शेतकऱ्याची आहे. नॉर्वेच्या पश्चिम भागात व्हॉस, हार्डांगर या बाजूला शेतकरी घरी बिअर करत आले. एक घाण झाला की तळाचा गाळ कापडावर किंवा लाकडाच्या कड्यांवर माखायचा, वाळवायचा आणि पुढच्या सणापर्यंत टांगून ठेवायचा. त्याला ते क्वाइक म्हणतात. एखाद्याचे मेले तर शेजाऱ्याकडून आणायचे, जसे आपण विरजण आणतो. पिढ्यान्‌पिढ्या असे जपलेले हे यीस्ट 35 ते 40 अंश उष्णतेतही झकास काम करते, जिथे बाकीची यीस्टे बिअर बिघडवतात. आज तेच व्हॉसचे वाण एक कॅनडाची कंपनी पाकिटात भरून जगभर विकते. शेतकऱ्याने राखले, कंपनीने पाकिटात भरले. कपाशीचे बियाणे घरचे असायचे तो काळ ज्यांना आठवतो, त्यांना यावर जास्त सांगायला नको.

पुतण्याची पहिली बादली

आमच्या गटातल्या एका भावाचा पुतण्या इंग्लंडात नोकरीला आहे. तिथे 1963 पासून घरी बिअर करायला परवाना लागत नाही. सुटीत तो गावी आला तेव्हा आम्ही त्याला ओट्यावर बसवून सगळे विचारून घेतले.

तिथे माल्टच्या घट्ट पाकाचा डबा मिळतो. डबा बादलीत ओतायचा, साखर आणि पाणी घालून 23 लिटर करायचे, आणि झाकणाखाली चिकटवलेली यीस्टची छोटी पुडी वर भुरभुरायची. याने सवलतीत मिळाला म्हणून दुकानाच्या कोपऱ्यातला जुना डबा उचलला. पुडी पाच-सहा ग्रॅमची. तिची तारीख पाहिली नाही. काढा पुरता निवायच्या आतच यीस्ट टाकून मोकळा झाला. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, फेस नाही. चौथ्या दिवशी झाकण काढले तर वर पांढरी साय आणि आंबट वास. तेवीस लिटर मोरीत ओतले.

'यीस्ट खराब निघाले' असे तो म्हणाला. आम्ही विचारले, खराब निघाले, की तू मारलेस? त्याने हिशेब केला. महिनोन्‌महिने दुकानाच्या उबेत पडलेली पुडी, त्यातले अर्धे अधिक जीव आधीच गेलेले असणार. उरलेले त्याने गरम काढ्यात उकडले. मेलेल्या यीस्टच्या जागी हवेतले जंतू शिरले. शेतात बी उगवले नाही तर रान मोकळे राहत नाही, तण माजते. बादलीचेही तसेच आहे.

निवडताना पाच प्रश्न

त्यानंतर तो पाकीट घेताना पाच प्रश्न विचारायला शिकला.

पहिला, तारीख काय? चांगले कोरडे यीस्ट थंड जागी दोन-तीन वर्षे टिकते. ताज्या दाबलेल्या यीस्टमध्ये सुमारे 70 टक्के पाणी असते. कोरड्यात पाच-सहा टक्केच उरते, म्हणून तो जीव झोपून राहतो. पण झोपणे म्हणजे मरणे नव्हे, आणि झोपेतही तो हळूहळू झिजतो.

दुसरा, कुठे ठेवले होते? फ्रीजमध्ये ठेवणाऱ्या दुकानातून घ्यावे. पाकीट आतली हवा काढून कडक बंद केलेले असते. हाताला मऊ लागले, फुगले किंवा टोचलेले दिसले तर घेऊ नये. आत हवा आणि ओल गेली की संपले.

तिसरा, तुमच्या घरात उष्णता किती? हा प्रश्न बहुतेक जण शेवटी विचारतात, तो आधी विचारायला हवा. साधारण एल जातीच्या बिअरचे यीस्ट 18 ते 22 अंशांत सुखाने काम करते. लागर जातीचे 12 ते 15 अंशांत. बेल्जियमच्या सैझन बिअरचे काही वाण तिसाच्या वरही चालतात, आणि क्वाइकचे आताच सांगितले. घरात फ्रीजची सोय नसताना लागरचे यीस्ट आणणे म्हणजे बरड रानात धान पेरणे.

चौथा, साखर किती खाते आणि तळाला कसे बसते? काही वाण काढ्यातली बहुतेक साखर संपवतात, बिअर कोरडी लागते; नॉटिंगहॅम नावाचे वाण त्यातले. विंडसर नावाचे वाण काढ्यातली एक प्रकारची साखर खातच नाही, त्यामुळे गोडवा उरतो. इंग्लिश वाण एस-04 तळाला घट्ट बसते आणि बिअर लवकर निवळते. अमेरिकन यूएस-05 उशिरा बसते, पण आपली वेगळी चव जवळजवळ लावत नाही. गव्हाच्या बिअरचे जर्मन वाण केळ्याचा, लवंगेचा वास देते. यात चांगले-वाईट नाही. काय हवे ते आधी ठरवून मग वाण निवडायचे.

पाचवा, किती लागेल? एलला लिटरमागे अर्धा ते पाऊण ग्रॅम. अकरा-साडेअकरा ग्रॅमचे एक पाकीट 23 लिटरला कसेबसे पुरते. लागर थंडीत होते, जीव मंद असतो, म्हणून लिटरला ग्रॅमभर, म्हणजे दोन पाकिटे. एका ग्रॅममध्ये पाचशे कोटींहून जास्त जिवंत पेशी असतात. एवढे बी का पेरायचे? कारण पहिल्या दिवसात रान यीस्टने व्यापले पाहिजे, जंतूंनी नव्हे. विरळ पेरणीत तण जिंकते.

पावाचे यीस्ट चालत नाही का, असे आम्ही विचारले. चालते. कूळ तेच आहे. पण ते पाव फुगवण्यासाठी निवडलेले. तळाला नीट बसत नाही आणि चव पावाची येते. बैल नाही म्हणून म्हैस औताला जुंपता येते, पण तास सरळ पडत नाही.

वापरण्याची रीत

आता रीत. बादली, चमचा, झाकण, थर्मामीटर सगळे आधी धुऊन निर्जंतुक करायचे. काढा निवून यीस्टला मानवेल एवढा झाला, हे हात लावून नव्हे, थर्मामीटरने पाहायचे.

यीस्टच्या दहापट पाणी घ्यायचे. साडेअकरा ग्रॅमला सुमारे 115 मिलिलिटर. पाणी साधे, उकळून 25 ते 30 अंशांवर आणलेले. त्यावर यीस्ट भुरभुरायचे आणि पंधरा मिनिटे हात लावायचा नाही. मग हलकेच ढवळायचे आणि अर्ध्या तासाच्या आत काढ्यात ओतायचे. पाणी आणि काढा यांच्या उष्णतेत दहा अंशांहून जास्त फरक नसावा.

एवढे सोपस्कार का? वाळलेल्या पेशीची कातडी पहिल्या काही क्षणांत सच्छिद्र असते. पाणी थंडगार असेल तर आतला ऐवज बाहेर गळतो. फार गरम असेल तर पेशी मरते. साखरेच्या पाण्यातही तिला पाणी ओढायला जड जाते. महिनाभर उपाशी माणसाला पुरणपोळी वाढत नाहीत, आधी पेज देतात. अलीकडे कंपन्या सांगतात की त्यांची काही वाणे सरळ काढ्यावर भुरभुरली तरी चालतात. चालत असतील. पण पाकीट जुने असेल तर भिजवलेले बरे.

पाकीट जिवंत आहे की नाही याची शंका असेल तर घरची परीक्षा आहे. चिमूटभर यीस्ट वाटीभर कोमट पाण्यात थोडी साखर घालून टाका. पंधरा-वीस मिनिटांत फेस आला तर जीव आहे. आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजतो ना, तीच ही परीक्षा. उघडलेले पाकीट पुन्हा घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवावे आणि आठवड्याच्या आत संपवावे.

बारा ते चोवीस तासांत फेस येतो. आठवडा-दोन आठवड्यांत काम आटोपते. आटोपले हे बुडबुड्यांवरून ठरवायचे नाही. दूधडेअरीत लॅक्टोमीटर असतो, तशी काचेची तरंगती नळी काढ्यात सोडून घनता मोजायची. सुरुवातीला 1.045 असलेला आकडा 1.010 वर आला आणि दोन-तीन दिवस हलला नाही, तर साखर संपली. फरकाला 131 ने गुणले की दारूचे प्रमाण निघते : साडेचार टक्क्यांच्या आसपास. साखर उरली असताना बाटल्या बंद केल्या तर आत वायू साठतो आणि बाटली फुटून काच डोळ्यात जाते. घाई करणाऱ्याला यीस्ट माफ करत नाही.

ज्वारीचे काय?

आता आपल्या धान्याकडे येऊ. बुर्किना फासो देशात बाया ज्वारीला मोड आणून डोलो नावाची बिअर करतात आणि आधीच्या घाणाचे यीस्ट वाळवून पुढच्या घाणाला वापरतात. दक्षिण आफ्रिकेत मका-ज्वारीची उमकोंबोथी होते. नायजेरियाने 1988 साली जवाच्या आयातीवर बंदी घातली तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांना ज्वारीकडे वळावे लागले. युगांडात 2002 साली एपुरिपुर या ज्वारीच्या वाणापासून ईगल नावाची बिअर निघाली. सरकारने देशी धान्याच्या बिअरवरचा कर कमी केला आणि शेतकऱ्याच्या ज्वारीला करार करून गिऱ्हाईक मिळाले.

अमेरिकेत आणखी एक गिऱ्हाईक आहे. काही माणसांना गहू, जव यांतले ग्लूटेन सोसत नाही. ज्वारीत ते नसते. असे लोक ज्वारीच्या पाकाची बिअर घरी करतात, आणि यीस्ट कोरडेच घेतात. कारण द्रवरूप यीस्ट बहुधा जवाच्या काढ्यात वाढवतात; कोरडे वाढवतात ते उसाच्या, बिटाच्या मळीवर.

पण ज्वारी यीस्टची परीक्षा पाहते. तिचे पीठ शिजायला जवापेक्षा जास्त उष्णता लागते, आणि पिठाची साखर करणारे एक पाचक द्रव्य तिच्या मोडात कमी असते. मोड न आणलेली ज्वारी घेतली तर यीस्टला लागणारे नत्रही कमी पडते, ते वरून द्यावे लागते. यीस्ट कितीही जातिवंत असो, ताटात साखर नाही आणि नत्र नाही, तर ते काय काम करणार? नुसत्या बियाण्याने पीक येत नाही, हे कोरडवाहू शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको.

आपली पाकिटे

आता घरची गोष्ट. दोन वर्षांमागे आमच्या गटातल्या दहा-बारा जणांनी तुरीसाठी रायझोबियमची आणि ज्वारी-कपाशीसाठी अझोटोबॅक्टरची पाकिटे एकत्र आणली. अडीचशे ग्रॅमचे एक पाकीट दहा ते पंधरा किलो बियाण्याला. दुकानात ती पत्र्याखाली, खताच्या पोत्यांवर रचलेली होती. मे महिना. आम्ही ती मोटारसायकलला टांगून भर दुपारी गावात आणली आणि पेरणीपर्यंत कोठीत ठेवली. पेरणीच्या दिवशी बियाण्याला बुरशीनाशक आणि जिवाणू एकाच घमेल्यात चोळले.

ऑगस्टमध्ये तुरीची झाडे उपटून पाहिली. जिवंत गाठ कापली की आत गुलाबी दिसते. आमच्या मुळांवर मोजक्या बारीक गाठी, त्याही आत फिकट. मग रिकामे पाकीट शोधले. त्यावरची मुदत मार्चमध्येच संपली होती. दुकानदाराने मेलेला माल विकला, हे खरे. पण उरलेला जीव असता तरी तो आम्ही उन्हात भाजला आणि औषधात बुडवला असता, हेही खरे. पुतण्याला आम्ही जो प्रश्न विचारला, तो आधी आम्हाला कोणीतरी विचारायला हवा होता.

यीस्टचे पाचही प्रश्न या पाकिटांना लागू आहेत. वाण पिकाप्रमाणे : तुरीचे रायझोबियम हरभऱ्याला चालत नाही, सोयाबीनचे तुरीला चालत नाही. तारीख पाहायची. सावलीत, थंड जागी ठेवलेले घ्यायचे. प्रमाण कमी करायचे नाही. आणि रीत : आधी बुरशीनाशक, ते सुकल्यावर शेवटी जिवाणू, सावलीत वाळवून लगेच पेरणी. फरक एवढाच की यीस्टची फेसाची परीक्षा वाटीत होते, जिवाणूंची घरी होत नाही. म्हणून तारीख आणि साठवण यांवर डोळा जास्त ठेवायचा, आणि पावती घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

कायदा आणि माहिती

जाता जाता कायद्याबद्दल दोन शब्द. इंग्लंडात 1880 पासून घरच्या बिअरला परवाना लागे, तो 1963 साली गेला. अमेरिकेत 1978 साली कायदा झाला : घरी पिण्यापुरती, दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन, विकायची नाही. दक्षिण आफ्रिकेत उलटे झाले. 1908 च्या कायद्याचा आधार घेऊन डर्बनच्या नगरपालिकेने ज्वारीच्या बिअरचा मक्ता स्वतःकडे घेतला, काळ्या बायांची घरची मडकी फोडली आणि स्वतःची बिअरघरे चालवून पैसा उभा केला. 1959 साली तिथल्या केटो मॅनर वस्तीतल्या बाया त्या बिअरघरांवर चालून गेल्या. त्यांचे म्हणणे दुहेरी होते : आमची मडकी फोडता आणि आमच्या नवऱ्यांची मजुरी तुमच्या गल्ल्यात ओढता.

आपल्याकडे काय असावे, यावर या सभेत दोन मते आहेत, आणि मायबहिणींच्या मताला जास्त वजन आहे असे आम्ही मानतो. एक मात्र ध्यानात ठेवा. 2015 साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, ती मिथेनॉल मिसळल्याने. आंबवलेल्या धान्यातून तसे विष तयार होत नाही. बंदी असो वा नसो, माहितीवर बंदी घालून कोणाचे भले झालेले नाही.

मृग जवळ आला आहे. या वेळी दुकानात गेलात की पाकीट हातात घेऊन आधी तारीख वाचा, मग ते कुठे ठेवले होते ते विचारा, मग भाव विचारा. पाकिटातल्या काळ्या भुकटीला किंमत नाही. किंमत आहे ती आतल्या जिवाची. पेरणी झाली की रिकामी पाकिटे जाळू नका, जपून ठेवा. सप्टेंबरच्या बैठकीला येताना ती आणि उपटलेली दोन-दोन तुरीची झाडे बरोबर आणा. कोणाच्या पाकिटात जीव होता आणि कोणाच्या नव्हता, ते इथेच, सगळ्यांसमोर, गाठ कापून पाहू.